अप्पांचा अंगठा

उजव्या हाताचा अंगठा शेजारच्या बोटावर घासायचा, डोळे किंचित मिटायचे आणि म्हणायचं, "बोटाला कळतं हो." माणूस समोर आला की अप्पा हे करणारच. मग तो पोस्टमन असो, नवा विणकर असो, नाहीतर मालकांचा जावई. जणू त्या माणसाचा एक कोपरा अप्पांच्या चिमटीत आहे आणि ते त्याचा पोत बघतायत. त्या अंगठ्याची मला आजही किळस येते. सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे मी कुणा देवमाणसाची आठवण काढायला बसलोय असं कुणाला वाटायला नको.

अप्पा सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात माल तपासायचे. पूर्ण नाव सांगत नाही, त्यांची मुलंबाळं गावात आहेत. मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच "नोडप्पा" म्हणून कानडीत शिरायचे. म्हणजे 'बघ बाबा'. मागावरून उतरलेली चादर त्यांच्या उतरत्या फळीवर यायची. अप्पा तिच्याकडे बघायचेच नाहीत. नजर खिडकीबाहेर आणि अंगठा चादरीवर. एखादा धागा तुटलेला असला, कुठं गाठ आली असली की अंगठा थबकायचा. मग निळ्या खडूची फुली आणि हाक, "सेकंडात!" सेकंडचा माल नवी पेठेत स्वस्तात जायचा. अप्पांनी फुली मारलेली चादर पुन्हा कुणी तपासायचं नाही. तशी गरजच पडायची नाही. चादरीच्या बाबतीत त्या माणसाचा अंगठा खरंच चुकत नसे, आणि सगळी गोम तिथंच होती.

कारण लोकांनी त्यांना माणसंही तपासायला सांगितली.

मी सत्तर-बहात्तरच्या सुमाराला मोहोळहून आलो आणि त्यांच्या शेजारी घडीवर लागलो. चादरीची घडी एकट्याची होत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, एक झटका द्यायचा, मग एकमेकांकडे चालत यायचं आणि आपल्या हातातले कोपरे समोरच्याच्या हातात द्यायचे. दर घडीला बोटांना बोटं लागतात. दिवसाला शेकडो वेळा. अप्पांनी याच्यातून शास्त्र काढलं होतं. "गडी असला की हात झटकन सोडतो. आन तसला असला की हात रेंगाळतो. लई न्हाय, एवढासा. पण बोटाला कळतं हो."

'तसला' एवढाच शब्द होता तेव्हा. आज समलिंगी म्हणतात, वर्तमानपत्रात छापतात. तेव्हा 'तसला' म्हणायचे आणि म्हणताना ओठ असा वाकडा करायचे, की जणू पायाला शेण लागलंय.

लग्न ठरायच्या आधी मुलीकडचे मुलाची चौकशी करतात, हे तुम्हाला माहीतच आहे. पगार, घरदार, दारू. आमच्या भागातल्या लोकांनी त्यात आणखी एक कलम घातलं होतं. चादर घ्यायच्या निमित्तानं मुलाला कारखान्यात आणायचं. अप्पा सहज म्हणायचे, "धरा की जरा टोक, घडी घालू." तो बिचारा हसत टोक धरायचा. घडी झाली की मुलीचा बाप अप्पांच्या तोंडाकडे बघायचा. अप्पांनी मान हलवली की पेढे. खडू उचलून नुसता बोटात फिरवला की स्थळ मोडलं. मुलाला कधी कळायचंही नाही काय झालं ते.

आता माझ्याबद्दल एक सांगतो, कारण त्यावाचून बाकी सगळं फोल आहे. मला बाईची ओढ कधी वाटली नाही. पुरुषाची वाटली. कळायला लागल्यापासून हे असंच आहे आणि आता सत्तरी ओलांडल्यावर ते कुणाला सांगायची लाज राहिलेली नाही. तेव्हा मात्र मी मरणाचा भ्यायचो. शाळेत असताना एका मित्राचा हात जरा जास्त वेळ धरला, तर त्याच्या थोरल्या भावानं मला विहिरीच्या काठावर नेऊन बडवलं होतं. तेव्हापासून कुणाच्याही हाताला हात लागला की मी विस्तवाला लागल्यासारखा सोडत असे.

म्हणजे बघा. अख्ख्या कारखान्यात सगळ्यात झटकन हात सोडणारा मीच.

आणि अप्पा काय करायचे? नवा माणूस आला की माझ्याकडे बोट दाखवायचे. "नोडप्पा, ह्याच्यासंगं घडी घालून बघ. काय झटका, काय हात! ह्येला म्हनायचं गडी!" लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे. मी हसायचो. तसल्यांवरचे विनोद अप्पा रंगवून सांगायचे, त्यालाही मी हसायचो, आणि दुसऱ्यांपेक्षा जरा मोठ्यानं. संध्याकाळी नवी पेठेतल्या खोलीवर येऊन तोंड धुताना माझाच चेहरा मला ओंगळ वाटायचा.

लोक मला विचारतात, खरंच कळतं का हो, नुसतं बघून? डोंबल कळतं! त्या कारखान्यात दीडशे माणसं होती. माझ्यासारखा आणखी एखादा तरी असणारच की. मी स्वतः तसा, मला जीव तोडून हवा होता कुणीतरी, आठ वर्षं माणसांचे चेहरे वाचत होतो, तरी मला एकही सापडला नाही. अप्पांना मात्र सापडायचे.

त्यांना व्यंकटेश सापडला.

व्यंकटेश आमच्याकडे नक्षी काढायचा. तेलुगू विणकराच्या घरातला, अंगानं बारीक, आवाज हळू. चौकटी-चौकटीच्या कागदावर तो फूल काढायचा आणि चार दिवसांनी तेच फूल मागावर उमटायचं. मला 'अन्ना' म्हणायचा, त्यांच्यात थोरल्या भावाला म्हणतात तसं. दुपारचा चहा आम्ही रोज बरोबर घ्यायचो. नाही, माझं त्याच्यावर मन नव्हतं, तुम्ही तिकडं जाऊ नका. त्याचं मात्र एका मुलीवर मन बसलं होतं. नात्यातल्या लग्नात पाहिलेली. "अन्ना, तिच्या वेणीत मोगऱ्याच्या कळ्या होत्या," असं त्यानं मला सांगितलं, आणि कान लाल झाले त्याचे. "त्याच मी नक्षीत घातल्या. मालकांना म्हणालो, फुलं मोठी नकोत, कळ्याच बऱ्या दिसतात."

त्याच मुलीचं स्थळ त्याला सांगून आलं. आता याला योगायोग म्हणा की नशीब. मुलीचा मामा आमच्याच रंगखात्यात होता आणि त्यानं रीतीप्रमाणे अप्पांच्या कानात सांगितलं. आपली तपासणी ठरलीय हे व्यंकटेशला ठाऊक नव्हतं. तो काही कामानं आमच्या खात्यात आला तेव्हा अप्पांनी हाक मारली, "ए नक्षीवाल्या, धर की टोक."

फळीवर त्या दिवशी नेमकी मोगऱ्याची चादर होती. त्याच्या नक्षीची, मागावरून नुकतीच उतरलेली पहिली. व्यंकटेशनं टोक धरलं, झटका दिला, चालत अप्पांच्या जवळ आला आणि थांबला. अप्पांच्या हातात कोपरे दिले, पण बोटं सोडली नाहीत. त्याची नजर चादरीवर होती. तो कळ्या बघत होता हो! आपण काढलेली कळी सुतात कशी उतरलीय ते मान वाकडी करून बघत होता. चेहऱ्यावर बाळंतिणीसारखं हसू. पाच-सहा सेकंद तरी तो तसाच उभा राहिला.

मी दोन हातांवर होतो. मी बघितलं. तो काय बघतोय ते मला माहीत होतं, आणि त्या कळ्या कुणाच्या तेही माहीत होतं. तिथं ते जाणणारा मी एकटाच होतो.

व्यंकटेश गेल्यावर अप्पांनी खडू उचलला. मामाचं तोंड उतरलं. तरी त्यानं एकदा विचारलं, "अप्पा, नक्की?" अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्येला विचारा की. हा तर रोज चा पितोय त्याच्यासंगं. काय रे, तुला काय वाटतं?"

'रोज त्याच्यासंगं.' मला वाटलं, संपलं, आता अंगठा माझ्याकडे वळणार. मी म्हणालो, "व्हय अप्पा. मलाबी पहिल्यापासनं तसंच वाटतंय."

'पहिल्यापासनं' कशाला म्हणालो? नुसतं 'व्हय' पुरलं असतं. 'मला काय ठाऊक' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण नाही, भित्रा माणूस नेहमी दोन शब्द जादा बोलतो. अप्पांचा अंगठा किळसवाणा म्हणतो मी, पण माझी जीभ त्याहून किळसवाणी निघाली. इतकी वर्षं झाली, तो शब्द अजून माझ्या तोंडात कुजतोय.

स्थळ मोडलं. चार दिवसांत सगळ्या कारखान्याला कळलं. व्यंकटेश पाणी प्यायला गेला की माठापासून माणसं बाजूला व्हायची. कुणी शिट्टी घालायचं. एकदा त्याच्या पाठीवर, पांढऱ्या सदऱ्यावर, कुणीतरी निळ्या खडूची फुली ओढली आणि तो ती तशीच घेऊन घरापर्यंत चालत गेला. त्याला कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

पुढच्या महिन्यात त्यानं काम सोडलं. भिवंडीला चुलत्याकडे निघाला होता. जायच्या आदल्या दिवशी माझ्या खोलीवर आला. बसला नाही, दारातच उभा राहिला. "अन्ना, लोक म्हणतात तुमीबी तसंच बोलला. खरं काय?"

"मी? मी कशाला बोलू?"

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मीबी तेच म्हटलं की! म्हटलं, अन्ना असं बोलणार नाही." काखेतली वर्तमानपत्रातली गुंडाळी त्यानं माझ्या हातात दिली. मोगऱ्याची चादर होती. "पहिलीच हाय. मालकाकडून मागून घेतली. तिला द्यायची होती. आता तुमीच ठेवा."

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. शिवी दिली असती, थुंकला असता तर मी सुटलो असतो.

आता यात वाईट गोष्ट अशी, की अप्पा वाईट माणूस नव्हते. खरंच नव्हते. मला विषमज्वर झाला तेव्हा तीन आठवडे त्यांच्या घरून पेज यायची. स्वतः उशाशी बसून चमच्यानं भरवायचे. "गिळ की रे, मर्दा, गडी माणसानं असं पडून कसं चालंल?" कपाळावरची ओली पट्टी बदलायचे ती त्याच अंगठ्यानं, आणि तो अंगठा तापलेल्या कपाळाला गार लागायचा. मला बरं वाटायचं आणि मळमळायचंही. ते तापानं की कशानं, देव जाणे.

डबा घेऊन त्यांची धाकटी मुलगी महानंदा यायची. शांत, हसतमुख पोरगी. तीन वर्षांनी अप्पांनी तिचंच स्थळ माझ्यासमोर ठेवलं. जात एक, गाव जवळचं, आणि तपासणीचा प्रश्नच नव्हता. "आठ वरसं तुझ्यासंगं घड्या घालतोय मी," घडी घालता घालता अप्पा म्हणाले. "एवढा तपासलेला जावई सोलापुरात कुणाला मिळाला न्हाय. पोरीचं नशीब बघ की!"

मोह झाला, खोटं कशाला बोलू? महानंदेशी लग्न केलं असतं तर जन्मभर माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. तिनं तो जन्म कसा काढला असता, ते मात्र माझ्यासारख्याला चांगलं दिसत होतं. एकाचा बळी देऊन झाला होता. दुसरा माझ्यानं देववेना. त्या चादरीची दोन टोकं दोघांच्या हातात असतानाच मी म्हणालो, "अप्पा, मला नाही जमणार. मी तसला आहे."

अप्पा हसायला लागले. खो खो. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "नको म्हनायचंय तर सरळ म्हन की. ही कसली थट्टा!"

"थट्टा नाही. आणि व्यंकटेश तसला नव्हता. तो नक्षी बघत होता. मला माहीत होतं. मी तुमच्याशी खोटं बोललो."

हसू थांबलं. अंगठा बोटावर घासायला लागला, जोरजोरात. वाटलं, कळतंय. एक क्षण खरंच वाटलं की या माणसाला आता सगळं कळणार. मग त्यांनी मान हलवली. "न्हाय. ह्या बोटानं आजवर चूक केलेली न्हाय. तुझी कुणीतरी बाई आसंल मोहोळला. म्हनून ही नाटकं."

कर्म माझं! आयुष्यात पहिल्यांदाच कुणापुढं तरी कबूल झालो, तर त्या माणसाचा विश्वासच बसेना. दुसऱ्या दिवशी कारखाना कुजबुजायला लागला, याची मोहोळला बाई आहे बरं का. विणकर मला डोळे मिचकावायला लागले. अप्पा वर सांगायचे, "तरनाताठा गडी हाय. चालायचंच." महानंदेचं लग्न दोन महिन्यांत अक्कलकोटच्या एका मुलाशी झालं, आणि मी त्या लग्नात वाढप केलं.

पुढचं दशक संपता संपता अप्पांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मी भेटायला गेलो तर खाटेवर होते. उजवा हात मांडीवर उताणा पडलेला आणि अंगठा गप्प. महानंदा माहेरी आली होती, तिनं पाणी दिलं. अप्पांचं बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं. म्हणाले, "त्यो नक्षीवाला... काय करतो?"

"भिवंडीला आहे म्हणतात. मागावर काम करतो. नक्षी सोडली त्यानं."

"लगीन?"

"ठाऊक नाही, अप्पा."

त्यांनी नजर पंख्याकडे वळवली. मग म्हणाले, "तू त्या दिवशी म्हनालास... त्ये खरं होतं का रे?"

म्हणजे ते विसरले नव्हते. इतकी वर्षं ते कुठंतरी आत सलत होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं मला, एकच अक्षर. त्या एका अक्षरानं व्यंकटेशच्या पाठीवरची फुली निदान फुली मारणाऱ्याच्या मनातून तरी पुसली गेली असती. पण महानंदा दारात उभी होती. अप्पांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि डोळे पोरासारखे माझ्या तोंडाकडे लागले होते.

"थट्टा होती, अप्पा," मी म्हणालो.

त्यांनी मोठा श्वास सोडला. "वाटलंच. बोटाला कळतं हो." अंगावरची चादर डाव्या हातानं चाचपडत ओढली आणि म्हणाले, "धर की. घडी घालू." चादरीचं एक टोक त्यांच्या डाव्या हातात होतं, दुसरं महानंदेनं त्यांच्या उजव्या हातात धरवलं आणि वरून आपला हात ठेवला. मी माझी दोन टोकं घेऊन जवळ गेलो, कोपरे दिले. गार, निर्जीव बोटांना माझी बोटं लागली आणि मी हात झटकन मागं घेतला. सवयच ती.

अप्पा अर्ध्या तोंडानं हसले. "बघितलंस, महानंदे? असा असतो गडी."

शिसारी आली मला. त्यांची नव्हे. बाहेर येऊन नळाखाली हात धुतले, कोपरापर्यंत, दोनदा.

महिन्याभरात अप्पा गेले. आमच्यात मृताला बसवून नेतात. फुलांच्या मखरात अप्पा ताठ बसले होते, तोंड लोकांकडे, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना ते एकेक करून तपासतायत असं वाटत होतं. मी गर्दीत हात पाठीमागं बांधून चाललो.

मोगऱ्याची चादर अजून माझ्या ट्रंकेत आहे. एकदाही पांघरलेली नाही. दर उन्हाळ्यात तिला ऊन दाखवतो आणि परत घडी घालतो. एकट्याला नीट जमत नाही, मधला भाग हनुवटीखाली धरावा लागतो आणि कोपरे जुळत नाहीत. भिवंडीला जायचं, त्याला सगळं खरं सांगायचं, आणि त्यानं हाकललं नाही तर म्हणायचं, धर रे दुसरं टोक, असं कितीदा तरी ठरवलं. एकदा तिकीटही काढलं होतं. गेलो नाही.